हताशांचा आधार : पंडिता रमाबाई

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर महाराष्ट्रीय व्यक्तीचा चरित्रपर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा नेहमीची वंदनीय नावे आमच्याही डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या थोर पुरुषांविषयी आमच्याहून अधिकारी लेखणीने लिहिलेले पुष्कळ वाचकांच्या संग्रही असेलच. आम्ही मात्र अशा एका स्त्रीची निवड केली आहे की जिचे नाव आमच्या आजोबांच्या घरी निघाले म्हणजे क्षणभर कोणी बोलत नसे आणि मग विषय बदलला जाई. त्यांच्या विद्वत्तेविषयी आदर, धर्मांतराविषयी राग आणि कार्याविषयी न बोललेली एक टोचणी, असे काहीसे त्या मौनात असावे, हे आम्हांस फार उशिरा उमगले. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना रमाबाई आणखी एका कारणाने जवळच्या वाटाव्यात. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रांगेत, आजच्या कर्नाटकात, गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे गाढे पंडित. वयाने बरीच लहान असलेली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकविले, आणि या अपराधाबद्दल त्यांना उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे शास्त्राधारासह उत्तर द्यावे लागले. अरण्यातील आश्रम पुढे कर्जात बुडाला. रमा सहा महिन्यांची असताना वेताच्या पेटाऱ्यात घालून, एका माणसाच्या डोईवर देऊन तिला घराबाहेर काढण्यात आले, ते पुढे कित्येक वर्षे घर असे तिने पाहिलेच नाही. तीर्थाहून तीर्थाला जावे, देवळाच्या ओसरीवर पुराण सांगावे, जे पुढे पडेल त्यावर निर्वाह करावा, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. परंतु आईबाप आपसांत मराठीच बोलत आणि मराठी ग्रंथ व पत्रे वाचीत. त्यामुळे मुलीला शुद्ध मराठी आपोआप आली. कानडी, हिंदुस्थानी आणि बंगाली या भाषा तिने वाटेवर उचलल्या. आमच्या मंडळातील ज्या पालकांना मुलांच्या मराठीची चिंता आहे त्यांनी अनंतशास्त्र्यांच्या बिऱ्हाडाकडे जरूर पाहावे. त्यांना शाळा नव्हती, मंडळ नव्हते, छप्परदेखील नव्हते.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळाची वर्षे आली. रमाबाईंच्या आयुष्याची किल्ली या वर्षांत आहे असे आमचे मत असल्याने येथे थोडे थांबणे भाग आहे.

शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते, दृष्टी गेली होती. जवळचा पैसा दानधर्मात आणि देवतांच्या अनुष्ठानांत संपला. भांडी विकली, वस्त्रे विकली. ब्राह्मणाने मोलमजुरी करावी ही कल्पना घरात कोणास शिवली नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. शेवटचा तांदळाचा दाणा संपला तेव्हा सर्वजण अरण्यात शिरले. अकरा दिवस पाणी, झाडांची पाने आणि रानफळे यांवर निघाले. शेवटी वडिलांनी निश्चय केला की असे कणाकणाने मरण्यापेक्षा जवळच्या पवित्र तळ्यात देह ठेवावा. कुटुंबाने एकमेकांचा निरोप घेण्याची वेळ आली. त्या क्षणी थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान बाजूस ठेवून आपण मिळेल ते काम करू आणि आईबापांना पोसू, असे त्याने सांगितले. वडिलांचा निश्चय तेवढ्याने गळाला.

पुढील कार्याचे बीज आम्हांस या प्रसंगात दिसते. शास्त्र, पुराण, व्रत, नवस यांपैकी कशानेही त्या वृद्धाला मरणाच्या काठावरून मागे आणले नाही. आणले ते, आपल्यासाठी कोणीतरी आपला मान खाली ठेवावयास तयार आहे, या जाणिवेने.

तथापि उपासाने देह झिजलेला होता. थोड्याच दिवसांत शास्त्रीबोवा वारले. अखेरच्या घटकेला दिसत नसलेल्या डोळ्यांनी त्यांनी लेकीला मिठीत घट्ट धरून ठेवले होते. गावातील कोणी खांदा द्यावयास आले नाही. श्रीनिवासाने वडिलांचा देह वस्त्रात गुंडाळून एकट्याने वाहून नेला. काही काळाने रायचूर येथे आई अंथरुणास खिळली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागण्याकरिता सोळा-सतरा वर्षांची रमा एका घरी गेली, पण तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने मायेने विचारपूस करून भाकरी दिली. ती घेऊन मुलगी परतली तेव्हा आईच्या अंगी खाण्याचेही त्राण उरले नव्हते. आईच्या तिरडीला दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. ती उंचीने लहान, खांदा पुरेना; म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. मागोमाग थोरली बहीणही गेली.

उरलेली दोन भावंडे पायी निघाली. पंजाब, काश्मीर, राजपुताना, पुढे आसाम आणि बंगाल! भिजविलेले मूठभर धान्य आणि मीठ हे अन्न. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नसल्याने दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. शास्त्रात सांगितलेले सर्व काही आईबापांनी यथासांग केले होते आणि पदरी मात्र हे पडले होते. मुलीची जुनी श्रद्धा या वाटेवर गळून पडली. तिला दोष देण्यापूर्वी वाचकांनी ते वाळूचे खड्डे डोळ्यांपुढे आणावेत.

१८७८ साली कलकत्त्यात या भावंडांचे भाग्य एकाएकी उजळले. भागवत मुखोद्गत असलेली तरुण मुलगी पाहून तेथील विद्वान चकित झाले. पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. पण ८ मे १८८० रोजी ढाक्यास श्रीनिवास वारला. त्याच वर्षी १३ जूनला रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, त्यामुळे उभयपक्षी बहिष्कार आलाच. पुढच्या एप्रिलात मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या आजारात पती गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाईंच्या मागे केवळ एक तान्ही मुलगी होती.

पतीच्या पुस्तकांत बंगालीतील लूकचे शुभवर्तमान त्यांना सापडले होते व त्यांनी ते आवडीने वाचले होते. त्यानंतरचे पुण्याचे वर्ष प्रसिद्धच आहे. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींचे साहाय्य, आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक, हंटर कमिशनपुढील साक्ष, हे सर्व १८८२ मधले. पुस्तकाच्या उत्पन्नावर त्या १८८३ साली विलायतेस निघाल्या. वैद्यक शिकावयाचे होते, परंतु कानाने दगा दिला. बहिरेपण वाढत चालले होते आणि तो विचार सोडावा लागला.

इंग्लंडात वाँटेज येथील भगिनी मठात त्या उतरल्या. त्याच वर्षी, सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी परक्या भूमीवर आपल्या जीविताचा अंत केला. ज्या तरुणीचा हात धरून आपण समुद्र ओलांडला तिला आपण वाचवू शकलो नाही, हा घाव रमाबाईंना साधा गेला असेल असे आम्हांस वाटत नाही.

याच सुमारास त्यांना लंडनच्या फुलम भागातील, मठाच्या भगिनी चालवीत असलेले एक घर दाखविण्यात आले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रिया तेथे ठेवलेल्या होत्या. त्यांतील काही जणी सावरून आता स्वतःच दुसऱ्या आजारी, दुर्दैवी स्त्रियांची शुश्रूषा करीत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रीला दंड सांगणारी शास्त्रवचने त्यांना तोंडपाठ होती. तिला जवळ बसवून पुन्हा माणूस करणारी व्यवस्था त्यांनी कोठे पाहिली नव्हती. हे का करता, असे त्यांनी एका भगिनीस विचारले, तेव्हा तिने विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्त कसा बोलला ती कथा वाचून दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने महाराष्ट्रात वादळ उठले, आणि त्याचा धुरळा अद्याप पुरता बसलेला नाही. आम्ही सनातनी घरात वाढलो, आमची श्रद्धा आमच्या जागी आहे. पण रमाबाई धर्मांतर करून कोणाच्या ओंजळीने पाणी प्याल्या, असे म्हणता येणार नाही. मठातील मंडळींशी त्यांचे सिद्धान्तांवरून खटके उडत. आयुष्यभर त्या शाकाहारी राहिल्या, पांढरी साडी त्यांनी सोडली नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. हिंदु उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथे १८८७ मध्ये निघाले आणि बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने त्यांच्या नियोजित विधवागृहास दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. (सरकारी नोकरीत तारखांकडे पाहण्याची खोड लागते म्हणून सांगतो: आनंदीबाई डॉक्टर झाल्या तो दिवस ११ मार्च १८८६, आणि शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला तो ११ मार्च १८९३.) कर्व्यांच्या पुढील कार्यातून महाराष्ट्रातील किती घरे उजळली हे आपण जाणतोच, तो दिवा ज्या पणतीवरून लागला तिचे नाव क्वचितच घेतले जाते.

सदन पुण्यास आले आणि १८९३ साली ते प्रकरण उद्भवले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे आश्वासन होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूस झाले. वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. सल्लागारांची तक्रार निराधार नव्हती, कारण पालकांनी मुली एका विश्वासाने धाडल्या होत्या. परंतु रमाबाईंच्या बाजूनेही विचार करावा. केशवपन होऊन घराच्या काळोख्या कोनाड्यात बसविलेल्या, सूर्योदयी तोंड दिसले तर अपशकुन मानल्या गेलेल्या मुलीला आयुष्यात प्रथमच कोणी मायेने जवळ घेतले, तर ती त्या बाईच्या पाठोपाठ तिच्या प्रार्थनेच्या खोलीपर्यंत जाणारच. दार लावून घे, असे त्या आईला सांगणे कायद्यात बसेल. आम्हांस ते सांगवले नसते.

आता आमच्या या मुलखाशी त्यांचा जो संबंध आला त्याकडे वळतो. १८९६-९७ साली जुन्या मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ज्या नर्मदेच्या खोऱ्यात आज आपले मंडळ सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहे, तेथेच सरकारी छावण्यांत आणि रस्त्यांच्या कडेला माणसांचे सापळे पडले होते. वर्तमान पुण्यास कळले तेव्हा रमाबाई प्रथम कचरल्या. हाती पैसा नव्हता. परंतु ते अरण्य आणि ते तळे त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या येथे आल्या आणि छावण्या पाहिल्या. अनाथ मुली आणि तरुण विधवा यांच्यावर टपून बसलेली माणसे तेथे फिरत होती. भाकरीच्या तुकड्यावर पोरींचे सौदे होत होते. त्यातून उचलून वर्ष संपेपर्यंत सुमारे तीनशे जणींना त्यांनी नेले. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगाव येथे शारदासदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या जमिनीवर या मुलींना ठेवले. तेच मुक्तिसदन.

त्या मुलींची मनःस्थिती वाचताना आमचे मन सुन्न झाले. अंगावर व्रणे, केसांत किडे, डोळ्यांत संशय. ही बाई आपल्याला खाऊ घालून पुष्ट करणार, मग उलटे टांगून खाली जाळ करणार आणि आपल्या अंगाचे तेल काढून विकणार, अशी भुमका त्यांच्या कानी घातलेली होती. पानातले अन्न त्या लपवून ठेवीत. काही पळून गेल्या. ज्यांच्या डोळ्यांदेखत घरची सर्व माणसे अन्नावाचून गेली होती त्यांना जगावे असे का वाटावे?

रमाबाईंनी त्यांना प्रवचनाने उठविले नाही. प्रार्थना होतीच, आणि ती त्यांच्या दृष्टीने सर्वांचा पाया होती. ती वगळून त्यांचे चरित्र लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण प्रार्थनेबरोबर अन्न, मलमपट्टी, स्वच्छ कपडा आणि पुढे काम. पूर्वी सदनात शिकलेल्या विधवा आता या नव्यांच्या सांभाळास लागल्या. काल जिला आधार दिला तिनेच आज दुसरीला द्यावा, हा फुलममध्ये पाहिलेला धडा होता. शेत, विहिरी, हातमाग, तेलाचा घाणा, गोठा, शिवण, धोबीकाम, पुढे छापखाना, सर्व कामे बायकांच्या हाती. जिला आपण कोणाच्याच उपयोगाच्या नाही असे वाटत होते तिच्यावाचून आता कोणाचे तरी अडू लागले. अरण्यात श्रीनिवासाने मजुरीचा शब्द उच्चारताच बापाच्या जिवात जीव आला होता, तेच हे औषध.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी सदनातील आपल्या बायकाच तिकडे धाडल्या. वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या जणींच्या दोन वेळच्या अन्नाची तरतूद कोणत्याही निश्चित अनुदानावाचून, श्रद्धेने आलेल्या देणग्यांवर चाले. अंदाजपत्रकावर आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्याला हे वाचून घाम फुटतो. टाकलेल्या व फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. अंध मुलींना मनोरमेने ब्रेल लिपी शिकविली. जिला समाज अभागी म्हणतो ती आंधळी मुलगी बोटांनी पुस्तक वाचू लागली. वृद्ध आणि पंगू स्त्रियांसाठी प्रीतिसदन होते. १९०५ साली केडगावास जो मोठा धार्मिक उमाळा आला, मुली रात्रंदिवस रडत आणि प्रार्थना करीत राहिल्या, त्याचे मर्म आमच्यासारख्या रुक्ष नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे. आम्ही एवढेच म्हणतो की ज्यांना दुष्काळात रडण्याचीही उसंत मिळाली नव्हती त्यांनी केव्हातरी रडणे अवश्य होते.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. सामान्य बाईला समजेल अशी भाषा असावी हा हेतू. संस्कृताच्या या सरस्वतीने मुद्दाम संस्कृतप्रचुर शब्द टाळले, आणि त्यामुळे भाषांतर ठिकठिकाणी ओबडधोबड झाले आहे, असे जाणकार म्हणतात. आम्हांसही ते तसे वाटते. पण ते कोणासाठी केले होते हे ध्यानी घ्यावे. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. दोन वर्षांनी, २४ जुलै १९२१ रोजी, त्यांची सर्व भिस्त जिच्यावर होती ती मनोरमा वारली. बाप, आई, बहीण, भाऊ, पती आणि आता पोटची मुलगी! कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नव्हते. भाषांतराचे काम मात्र त्यांनी टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

बदलीच्या नोकरीत मुंबई-सोलापूर मार्गाने आम्ही अनेकदा गेलो. केडगावची पाटी खिडकीतून मागे जाई आणि आम्ही पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालीत असू. एका वर्षी आम्ही उभयता मुद्दाम तेथे उतरलो. मुक्ती मिशनचे काम अद्याप चालू आहे. आवारातील एका बाकावर एक वृद्ध अंध बाई आणि एक लहान मुलगी शेंगा सोलीत बसल्या होत्या. मुलगी शेंग हाती देई, बाई सोलून दाणे परातीत टाकी. आमच्या पावलांची चाहूल लागताच बाईने मान वर करून, कोण आले आहे, असे मुलीस विचारले. मुलीने आमच्याकडे नीट पाहून घेतले, पाहुणे आहेत असे सांगितले आणि पुढची शेंग तिच्या हातात ठेविली.